माशाचे काटे आणि एक परका आवाज

नौगाव
२२ ऑगस्ट २०१४

रेहनुमा,

यापुढे फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस, तुझी आम्मा रडते, आणि फोन ठेवल्यावर माझ्या हाती काहीच लागत नाही. जे सांगायचं ते पत्रात लिही. कागदावर खोटं लिहायचं तर माणूस निदान पेनचं टोपण काढेपर्यंत तरी विचार करतो.

लंडनजवळ ल्यूटनला राहणाऱ्या लुत्फरने इथल्या सासऱ्याला कळवलं, सासऱ्याने चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि टपरीवरून ते माझ्या दवाखान्यात आलं. ज्याने विचारलं तो पोट साफ होत नाही म्हणून औषध न्यायला आला होता. "डॉक्टरसाहेब, लंडनला तुमच्या मुलीच्या जागी म्हणे दुसरीच कुणी इंग्रजीच्या परीक्षेला बसली?" मी मान खाली घालून साबुदाण्याएवढ्या गोळ्या मोजत राहिलो.

तुझे तिन्ही चाचा म्हणत होते, पोरीला एकटीला परदेशी पाठवू नका. मी कुणाचं ऐकलं नाही. भर बैठकीत सांगितलं, माझी मुलगी हिशेबाचं मोठं शिक्षण घेऊन येईल. आता ते तिघे काही बोलत नाहीत. नुसते येतात, चहा पितात आणि जातात. बोलले असते तर बरं झालं असतं.

राजशाही शहरातल्या त्या स्थळाकडून निरोप आला आहे. मुलगा इतक्यात लग्न करणार नाही म्हणे. गेल्या महिन्यापर्यंत करणार होता.

मी तुला सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. तू परीक्षेला दुसऱ्या बाईला पाठवलंस का? इंग्रजांचं सरकार आहे ते. कारण नसताना ते कुणावर असं किटाळ आणणार नाहीत, असं मी जन्मभर मानत आलो.

— खोंदकार अब्दुल मोतालेब


ईस्ट हॅम, लंडन
९ सप्टेंबर २०१४

आब्बा, सलाम.

पेनचं टोपण काढून बराच वेळ झाला. उत्तर तेच आहे. नाही. मी स्वतः गेले, स्वतः बसले, स्वतः बोलले.

झालं ते असं. व्हिसा वाढवायचा तर इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती परीक्षा दिली. एका खोलीत रांगेने संगणक होते. कानाला हेडफोन लावायचे, प्रश्न ऐकायचे आणि समोरच्या माइकमध्ये बोलायचं. पास झाले, प्रमाणपत्र आलं, व्हिसा मिळाला. यंदा टीव्हीवर दाखवलं की एका केंद्रात पोरांच्या जागी दुसरेच लोक बसतात. ते खरंच होतं, तो कार्यक्रम मी बघितला. मग परीक्षा घेणाऱ्या कंपनीने सगळ्यांचे आवाज एका यंत्रातून काढले. यंत्र म्हणालं, हे हजारो आवाज मोजक्याच माणसांचे आहेत. त्या हजारोंत माझंही नाव निघालं.

आब्बा, मला व्हिसाच्या कचेरीत चौकशीला बोलावलं होतं. समोरच्या बाईंनी माझ्याशी तासभर इंग्रजीत वाद घातला, की मला इंग्रजी येत नाही. मी इंग्रजीत म्हटलं, "मग आपण हे इतका वेळ कुठल्या भाषेत बोलतोय?" त्यांनी ते लिहून घेतलं. पण निकालाच्या पत्रात त्यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे एवढंच होतं की मी फसवणूक केली, तेव्हा मी हा देश सोडावा. अपील करायचं असेल तर बांगलादेशात जाऊन करावं.

कॉलेजने नाव काढून टाकलं. नोकरी करायची परवानगी नाही. पण माझी काळजी करू नका. तबस्सुमच्या घरी राहते, ती माझ्या वर्गातली. जेवणखाण व्यवस्थित आहे.

मी परत आले तर त्यांच्या दप्तरात कायमची फसवी ठरेन. जगातला कुठला देश मला मग दारात उभं करील? आणि नौगाव करील?

आम्माला सांगा, तिची टुनू सर्दीवर तुम्ही दिलेल्याच गोळ्या घेते.

— टुनू


नौगाव
१८ जानेवारी २०१५

रेहनुमा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इथल्या कोर्टातल्या शहीदुल वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, इंग्लंडचे कायदे आपल्याला ठाऊक नाहीत, पण एवढे हजारो लोक आणि सगळेच निर्दोष, असं कसं होईल? मलाही तेच वाटतं. काहीतरी असल्याशिवाय यंत्राने तुझंच नाव कशाला काढावं?

मी रागाने लिहीत नाही. तुझ्या जिवाला ताण होता, हे मला ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तू फोनवर म्हणाली होतीस, "आब्बा, बोलताना माझी जीभ वळत नाही." कुणी म्हणालं असेल, मी सोपं करून देतो, आणि तुझं पाऊल घसरलं असेल. तसं झालं असेल तर ये. इथे शाळेत नोकरी मिळेल. लोक दोन वर्षं बोलतील, तिसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतील. चूक कबूल केलेली मुलगी मी घरात घेईन. तिथे बसून खोटं रेटणारी नाही.

आम्मा हल्ली शेजारच्या लग्नांना जात नाही. गुडघे दुखतात म्हणते. गुडघ्याचं औषध दिलं तर घेत नाही.

— आब्बा


ईस्ट हॅम
३० नोव्हेंबर २०१५

आब्बा,

दहा महिने लिहिलं नाही. तुमचं पत्र आल्यावर मी लिहायला बसायची आणि पहिल्याच ओळीत भांडायची. आता भांडायचीही ताकद नाही. म्हणून आज खरं लिहिते.

तबस्सुमच्या घरी मी आता राहत नाही. घरमालकाने कागद मागितले. नवा नियम आहे, कागद नसलेल्याला घर देणाऱ्यालाही दंड होतो. तिचं लग्न ठरलं होतं, तिला माझ्यामुळे भानगड नको होती. ती रडली, मीच बॅग भरली. सध्या सिल्हेटच्या एका म्हातारीकडे आहे. तिच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपते. ती उठून चहा ठेवायच्या आत गादी गुंडाळते. दुपारी गुरुद्वाऱ्यात जेवते. डोक्यावर ओढणी असतेच, कुणी काही विचारत नाही. एक सरदारजी वाढताना रोज म्हणतात, "बेटी, अजून एक घे." मी घेते, आब्बा. मी, जी तुमच्यासमोर दुसऱ्यांदा भात घ्यायलाही लाजायची.

बरोबरची पोरं एकेक करून गेली. कुणी पकडला गेला, कुणी स्वतःहून विमानात बसला. सिराजगंजचा एक मुलगा होता, हुशार, हसरा. तो घरीही गेला नाही आणि इथेही उरला नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पण एवढं लिहिते. स्टेशनवर गाडी येताना कडेच्या पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायला हल्ली मला स्वतःला बजावावं लागतं. एरवी माणूस तिथे आपोआप उभा राहतो. मी आता भिंतीला टेकून उभी राहते, दोन्ही हात मागे धरून. गाडी थांबली की हात सोडते.

तुम्ही म्हणता, चूक कबूल कर आणि ये. आब्बा, मी केली असती तर पहिल्याच दिवशी कबूल करून तुमच्या पायाशी येऊन बसले असते. ते किती सोपं झालं असतं. न केलेली चूक कशी कबूल करायची, हे मला कुणी शिकवलं नाही. तुम्हीही नाही.

— टुनू


नौगाव
१२ डिसेंबर २०१५

मा टुनू,

पत्र मिळालं त्या क्षणी फोन लावला, तू उचलला नाहीस. मग लुत्फरला फोन केला आणि म्हटलं, नालायका, तुझ्या तोंडाने तू गावभर बातमी पोचवलीस, आता त्याच तोंडाने ईस्ट हॅमला जाऊन माझ्या मुलीला शोध. तो आला होता ना? त्याच्या बायकोला सांगितलं आहे, दर शुक्रवारी तू जेवायला त्यांच्याकडे. मग संध्याकाळी तू फोन उचललास आणि आम्मा तुझ्याशी मुरमुऱ्यांबद्दल, मांजरीबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत बसली. मी बाजूला उभा होतो. शेवटी एवढंच विचारलं, थंडी आहे का?

रोज फोन कर. पण आम्मासमोर सगळं बोलता येत नाही, म्हणून मनातलं पत्रातच लिही.

तू परीक्षेला गेली होतीस. तुझा बाप हे मानतो. यंत्राचं यंत्र जाणे.

भिंतीला टेकून उभी राहा. तशीच उभी राहा, मा, माझ्या लेकी. गाडी थांबेपर्यंत.

— आब्बा


ईस्ट हॅम
६ फेब्रुवारी २०१८

आब्बा, सलाम.

काल फोनवर मी एवढी का हसत होते, ते आता लिहिते. वरच्या कोर्टाने म्हटलं आहे की आमच्यासारख्यांना देशाबाहेर काढून अपील करायला लावणं बरोबर नाही. माझी सुनावणी इथेच, लंडनला होणार. वकीलबाई मिळाल्या आहेत, मिस अबेना. मूळच्या घानाच्या, स्पष्ट बोलणाऱ्या.

आणि दुसरं. एवढ्या वर्षांनी कंपनीने माझ्या परीक्षेचं रेकॉर्डिंग दिलं. मी ते ऐकलं. आब्बा, तो माझा आवाज नाही! कुणीतरी बाई समुद्रकाठच्या सुट्टीबद्दल बोलते आहे. मी त्या दिवशी समुद्राचं नावही काढलं नव्हतं.

ते रेकॉर्डिंग लुत्फरभाईंच्या फोनवरून पाठवते आहे. आम्मालाही ऐकवा.

— टुनू


नौगाव
१४ फेब्रुवारी २०१८

मा टुनू,

आधी आम्माचं सांगतो. तिला काहीच सांगितलं नाही. भाजी निवडत होती. मी म्हटलं, "हे ऐक जरा." तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि ऐकलं. मग म्हणाली, "कोण पोर आहे ही? केवढी घाबरलीय." मी विचारलं, "आपली टुनू असेल का?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू माझं डोकं फिरलंय. "अहो, टुनू बोलायच्या आधी आवंढा गिळते. ही नाकाने बोलते. इंग्रजी बोलली म्हणून काय मला माझी लेक ओळखू येणार नाही?"

मी उठून अंगणात गेलो. साडेतीन वर्षं तुझ्या आम्माला मी विचारलंच नव्हतं, आपली टुनू असं करील का म्हणून.

आता ऐक. शहीदुल वकिलाकडे बसून मी इंग्रजीत प्रतिज्ञापत्र केलं आहे. मी आणि माझी पत्नी, मुलीचे जन्मदाते, शपथेवर सांगतो की रेकॉर्डिंगमधला आवाज आमच्या मुलीचा नाही. दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. आम्माने बंगालीत सही केली. हे न्यायाधीशासमोर ठेवलंस की झालं. आईबापाच्या वर कोण साक्षीदार?

चाचांना बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं. धाकट्याने मिठाई आणली.

— आब्बा


ईस्ट हॅम
३ जून २०१८

आब्बा,

तुमचं प्रतिज्ञापत्र मिस अबेनांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हे कोर्टात देऊ नकोस."

मी म्हटलं, "का? माझे आईवडील शपथेवर सांगतायत की तो आवाज माझा नाही."

"सरकारही तेच सांगतंय," त्या म्हणाल्या. "तो आवाज तुझा नाही, कारण तुझ्या जागी दुसरी बसली. तुझ्या आईबापांनी त्यांचीच बाजू शिक्का मारून दिलीय."

मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. आब्बा, ही कसली विहीर आहे? आवाज जुळला असता तर मी परीक्षेला बसले होते, हे सिद्ध झालं असतं. आवाज जुळत नाही, तर चूक कंपनीची असं कुणी म्हणत नाही, चोर मी ठरते. मी म्हटलं, मग न्यायाधीशांसमोर मी दिवसभर इंग्रजी बोलते. त्या म्हणाल्या, "सगळेच बोलतात. सरकार म्हणतं, चांगलं इंग्रजी येणाराही फसवू शकतो."

"मग सिद्ध करायचं कसं?"

"त्या खोलीत तुला बघितलेलं कुणी आहे?"

होती एक. रांगेत माझ्या पुढे उभी होती, परीक्षेत शेजारच्या संगणकावर. श्रीलंकेची, नाव इनोका. क्रॉयडनला पेट्रोल पंपावर काम करते म्हणाली होती, एवढंच आठवत होतं. मी क्रॉयडनचे पंप पालथे घातले. शेवटी एका पंपावरच्या माणसाने सांगितलं, तिकडचे लोक वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, विहारात जेवायला येतात. मी वेसाकच्या दिवशी विहाराच्या दारात उभी राहिले. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका येत होत्या. मी तिला ओळखलं नाही, तिनेच मला ओळखलं.

"तू माशावाली ना?" ती म्हणाली. "केवढ्याने बोलत होतीस गं त्या दिवशी! तुला आवडता पदार्थ सांगा म्हणाले होते, आणि तू हिलसा माशाचे काटे कसे काढायचे ते अख्ख्या खोलीला शिकवत होतीस. माझ्या डोक्यातून माझं उत्तरच गेलं. मी पण मग मासाच सांगितला."

मी तिला मिठी मारली. दारात, सगळ्यांसमोर.

मग कळलं, तिचंही प्रमाणपत्र रद्द झालंय. तिने अपील केलंच नाही. घाबरून घर बदललं, नाव बदलून एका आजारी म्हातारीची शुश्रूषा करते, तिच्याच घरी राहते. कोर्टात साक्ष द्यायची तर खरं नाव आणि पत्ता द्यावा लागेल. मिस अबेना मला म्हणाल्या होत्या, याचा परिणाम काय होईल ते मी तिला सांगायलाच हवं. मी सांगितलं. ती ताटातला भात कालवत राहिली.

"माझे तात्ता मला घरात घेणार नाहीत," ती म्हणाली. तात्ता म्हणजे तिचे वडील. "त्यांनी नातेवाइकांत सांगितलंय, मुलगी नाहीच म्हणून. इथून काढलं तर मी जाऊ कुठे? माफ कर. नाही जमायचं."

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. आम्माला यातलं काही सांगू नका.

— टुनू


नौगाव
१५ जून २०१८

मा टुनू,

तिच्याकडे पुन्हा जा. तिला म्हणावं, काही होणार नाही. रड, पाया पड, काय वाट्टेल ते सांग, पण तिला आण. चार वर्षं गेली तुझी. तू सत्तावीसची होतीस, आता एकतीसची आहेस. परक्या मुलीचा विचार करायचे दिवस आहेत का हे? तिला तिचा बाप आहे, तो बघून घेईल. मला माझी मुलगी हवी आहे.

— आब्बा


ईस्ट हॅम
२८ जून २०१८

आब्बा,

नाही जाणार. तिने नाही म्हटलं आहे, आणि तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. "तिला तिचा बाप आहे" असं तुम्ही लिहिलंत. आब्बा, २०१४ साली मलाही बाप होता.

हे लिहिल्याबद्दल रागावा. पण फोनवर आम्माशी बोलताना बाजूला उभे राहा.

— टुनू


ईस्ट हॅम
४ ऑक्टोबर २०१८

आब्बा,

फोनवर तुम्हाला निकाल कळला. तुम्ही दोघं एकदम बोलायला लागलात, मग चाचांनी फोन घेतला, मग शेजाऱ्यांनी. मी सगळ्यांना हो हो म्हटलं. सगळं सांगितलं नाही. ते आता लिहिते.

सुनावणीच्या दिवशी सरकारच्या वकिलाने मला सकाळभर धारेवर धरलं. परीक्षेला कुठल्या बसने गेलीस, खोलीचा दरवाजा कुठल्या बाजूला होता, भिंतीचा रंग काय होता. सहा वर्षांपूर्वीचा! आठवलं ते सांगितलं, नाही ते नाही म्हटलं. नाही म्हटलं की तो न्यायाधीशांकडे बघायचा. जेवणाच्या सुट्टीत मिस अबेना नुसते कागद चाळत राहिल्या. त्यावरून मी समजले, खटला हातातून चाललाय.

सुट्टी संपताना बाहेर बाकावर इनोका बसली होती. कामावरच्या कपड्यांतच आली होती.

मी म्हटलं, "तू का आलीस? जा इथून."

ती म्हणाली, "म्हातारीला आज सकाळी विचारलं, आजी, मी कोण? ती म्हणाली, तू मेरी. चार वर्षं मला मेरी मेरी ऐकावं लागतंय गं. आज कुणीतरी मला इनोका म्हणू दे."

आत तिने पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला. सरकारच्या वकिलाने विचारलं, "इतक्या वर्षांपूर्वीची शेजारच्या अनोळखी बाईची बडबड तुम्हाला आठवते?" ती म्हणाली, "साहेब, तिने माझी परीक्षा बिघडवली. शेजारी बसून कुणी काट्यांबद्दल ओरडत असेल तर तुम्ही विसराल का?" न्यायाधीश हसले. मग तिने हिलसाचे काटे कसे काढायचे ते सांगितलं, मी त्या दिवशी सांगितलं होतं तसंच. शेपटीकडून सुरुवात, बोटांनी चाचपत.

निकालपत्रात लिहिलंय: अर्जदार परीक्षेच्या खोलीत स्वतः हजर होती, साक्षीदार खरं बोलली. तिच्यावर फसवणुकीचा आरोप सिद्ध झाला नाही.

निकाल माझ्या हातात आला त्याच आठवड्यात इनोकाच्या म्हातारीच्या घरी पहाटे सरकारची माणसं आली. कोर्टात दिलेल्या पत्त्यावर. तिला लंडनबाहेरच्या एका केंद्रात डांबून ठेवलं. मी भेटायला गेले. मिस अबेनांनी अर्ज केले, फोन केले. मी म्हणत राहिले, तुमच्याच न्यायाधीशांनी लिहिलंय ती खरं बोलते, मग तिच्या परीक्षेबद्दल खोटं कसं बोलेल? खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, ते तुमच्या खटल्यात, हिच्या नाही. गेल्या मंगळवारी तिला कोलंबोच्या विमानात बसवलं. मुदतीत अपील केलं नव्हतं म्हणून तिचं अपील आता तिथून.

ती नेगोंबोला उतरली आहे, विमानतळाजवळच्या एका खानावळीत. घरी फोन केला तर तात्तांनी ठेवून दिला. तिने मला फोन करून विचारलं, "तुला व्हिसा मिळाला का?" मी हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाली.

तुम्ही म्हणताय, लगेच ये, गावजेवण घालू. नको आब्बा. माझ्या घशाखाली उतरणार नाही. माझं नाव स्वच्छ झालं, आणि मला ते कुणाला सांगवत नाही.

— टुनू


नौगाव
१६ ऑक्टोबर २०१८

मा टुनू,

गावजेवण रद्द केलं. चाचांना कारण सांगितलं.

आम्माला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या पोरीचा बाप कुठे राहतो ते विचारा." पत्ता पाठव.

— आब्बा


नौगाव, बांगलादेश
२ नोव्हेंबर २०१८

श्री. हेरत यांस,
कुरुनेगला

आपण मला ओळखत नाही. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे आणि एका मुलीचा बाप आहे. माझी मुलगी आणि आपली इनोका लंडनला एकाच दिवशी, एकाच खोलीत, शेजारी शेजारी परीक्षेला बसल्या होत्या. दोघींवर एकच आरोप आला. माझ्या दवाखान्यात लोक येऊन हसले, तसे आपल्याकडेही आले असतील. आलेल्याला काय उत्तर द्यायचं ते सुचत नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणून आपल्याला उत्तर पाठवतो आहे. सोबत इंग्लंडच्या न्यायाधीशाच्या निकालाची नक्कल आहे. खूण केलेली ओळ वाचा. "साक्षीदार खरं बोलली." ती साक्षीदार आपली मुलगी. तिला त्या दिवशी कोर्टात यायची काही गरज नव्हती. आली नसती तर आजही लंडनलाच असती. माझ्या मुलीने तिला बोलावलं नव्हतं. मी बोलवायला लावत होतो, आणि खोटं सांगून बोलव म्हणत होतो. माझ्या मुलीने ऐकलं नाही. आपली मुलगी आपणहून आली, स्वतःचं नाव सांगितलं, आणि माझ्या मुलीला सोडवून स्वतः पकडली गेली.

ती नेगोंबोत आहे. खानावळीचा पत्ता खाली लिहिला आहे.

माझं इंग्रजी जुनं आहे, शाळेत शिकलेलं. एखादा शब्द अडला तर हे पत्र इनोकाकडून वाचून घ्या. तिचं इंग्रजी चांगलं आहे. पण त्यासाठी आपल्याला आधी तिला घरी आणावं लागेल.

आपला,
खोंदकार अब्दुल मोतालेब


कुरुनेगला, श्रीलंका
२९ नोव्हेंबर २०१८

डॉक्टर मोतालेब यांस,

आपलं पत्र मिळालं. मी नारळाच्या मळ्यावर मुकादम होतो, मला इंग्रजी येत नाही. पोस्टमास्तरने थोडं वाचलं, पण निकालाचे शब्द त्यालाही कळेनात. मी बसने नेगोंबोला गेलो. खानावळीच्या मागच्या बाजूला ती भांडी घासत होती. मी तिच्या हातात आपलं पत्र दिलं आणि म्हटलं, वाच. तिने तिथेच ओल्या हाताने धरून वाचलं. मला सिंहलीत सांगत गेली. खुणेच्या ओळीला थांबली, तेव्हा मी म्हटलं, पुन्हा वाच. मग आणखी एकदा वाचायला लावलं.

ती आता घरी आहे. हे पत्र मी सांगतो आहे आणि ती इंग्रजीत लिहिते आहे. तिच्या आईने आज पोल-सांबोल ही ओल्या नारळाची चटणी केली. दारावरून जाणाऱ्या लोकांना मी निकालाचा कागद दाखवतो. त्यांनाही इंग्रजी येत नाही, पण मी दाखवतो.

डॉक्टर, मी माझ्या मुलीला जे बोललो होतो

काका, यापुढे तात्ता जे सांगतायत ते मी लिहीत नाही. ते अजून बोलतायत. मी नुसती ऐकते आहे.

— इनोका